त्वचारोग नजरेने ओळखायला कसे शिकावे?

रत्नागिरीजवळच्या आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या आपण विचारले आहे की, पुस्तकांतील छायाचित्रे पाहूनही प्रत्यक्ष रुग्णासमोर रोग ओळखता येत नसेल तर काय करावे. माझ्या मते, रोगाचे नाव शोधण्यापूर्वी जे दिसते ते शब्दांत लिहावे: डाग सपाट की उंचावलेला, कडा रेखीव की पुसट, खवले कुठे, आणि शरीराचा नेमका भाग कोणता. खवलेदार कडा आणि निवळलेला मध्यभाग गजकर्ण सुचवतात. बोटांच्या बेचक्यांतील पुरळ, रात्री वाढणारी खाज आणि घरातील इतरांनाही तोच त्रास असेल, तर खरूज. पुस्तकांतील बरीच चित्रे गोऱ्या त्वचेची असतात. सावळ्या त्वचेवर तीच लाली जांभळट किंवा काळपट दिसते, हे डोळ्याला मुद्दाम शिकवावे लागते.

कोकणात हंगाम आणि काम विचारल्याशिवाय निदान करू नये. आंब्याच्या दिवसांत तोंडाभोवती किंवा हातावर ओघळासारखा दाह दिसला तर चीक आठवावा, आणि काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांवर तो टरफलातील तेलाने होतो. बिब्बाही आंबा-काजूच्याच कुळातला, त्यानेही असाच दाह होतो. लावणीच्या काळात चिखल्या फार दिसतात.

फिकट चट्टा मात्र केवळ पाहून सोडू नये. शिबे आणि कुष्ठरोग यांत नजर फसू शकते, म्हणून कापसाच्या टोकाने संवेदना तपासावी; कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर ती कमी झालेली असू शकते. रुग्णाने आधी स्टेरॉइडचे मलम लावले आहे का, हेही अवश्य विचारावे, कारण त्याने गजकर्णाची ओळखीची कडाच पुसली जाते.