माळकरी घर, रात्रपाळी आणि डॉक्टरांनी दिलेला डॅश आहार: कसं जमवायचं?

डॉक्टरांनी दिलेल्या आहाराच्या तक्त्यातले सॅल्मन मासे, क्विनोआ, ब्रोकोली खुशाल खोडा. डॅश आहार वाढलेला रक्तदाब कमी करण्यासाठी आहे आणि त्याचा गाभा साधा आहे: भाज्या-फळं भरपूर, कमी स्निग्धांशाचं दूध-दही, डाळी, अख्खी धान्यं आणि मीठ कमी. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, पातळ ताक म्हणजे जवळपास तेच ताट. माळ सांभाळून हे सगळं जमतं.

खरी अडचण मिठाची. दिवसाला सोडियम २३०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण एक छोटा चमचा मीठ, आणि त्यात स्वयंपाकातलं, ताकातलं, सगळंच आलं. लोणचं, पापड, सांडगी मिरची आणि विकतचं फरसाण इथेच गणित बिघडवतात. भाकरीच्या पिठात मीठ घालूच नका. आमटीत आमसूल किंवा लिंबू वाढवलं की मीठ कमी केलेलं फारसं जाणवत नाही. आणि उपवासाचं सैंधवसुद्धा मीठच आहे, तेही मोजा!

एकादशीला साबुदाण्याऐवजी भगर, राजगिरा, दही, फळं घ्या; साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च.

रात्रपाळीला तक्त्यातल्या वेळा पाळायचा हट्ट नको. निघण्यापूर्वी पोटभर जेवा, मध्यरात्रीसाठी डब्यात भाजलेले बिनमिठाचे चणे आणि एखादं फळ ठेवा. कॅन्टीनचा वडापाव तेवढा टाळा.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र फळं-भाज्या किंवा पोटॅशियमवालं मीठ (‘लो सोडियम’ म्हणून विकतात ते) वाढवण्याआधी डॉक्टरांना विचाराच. बीपीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.