रोज पुसलेल्या गाडीवर रेषा का उमटतात?

प्रश्न : आमची गडद निळी कार सांगलीत घराच्या अंगणात उघड्यावर उभी असते. मी ती रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसतो आणि रविवारी बोअरच्या पाण्यात कपड्यांची पावडर घालून धुतो. तरीही उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा आणि पांढरे डाग दिसतात. एवढी निगा राखूनही असे का व्हावे?

उत्तर : आपली तळमळ खरी आहे, पण रेषा त्या रोजच्या पुसण्यानेच उमटल्या आहेत. गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी असते. रस्त्याची धूळ आणि गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीतून येऊन पडणारी चिपाडाची राख यांत वाळूसारखे कठीण सिलिकाचे कण असतात, आणि कोरडे फडके फिरवले की हेच कण त्या थरावर घासले जातात. गडद रंगावर ते ओरखडे अधिक उठून दिसतात, एवढेच. म्हणून कोरडे पुसणे आजपासून बंद करावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

धुताना गाडी सावलीत, बॉनेट गार झाल्यावर घ्यावी. हात लावण्याआधी भरपूर पाणी सोडून सुटी धूळ वाहू द्यावी. मग एका बादलीत कार शॅम्पू आणि दुसरीत साधे पाणी घेऊन, मायक्रोफायबरचा हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून, टपापासून खाली यावे. चाके शेवटी आणि वेगळ्या फडक्याने धुवावीत. कपड्यांची पावडर वापरू नये, कारण तिच्यातील सोड्याने मेणाचा संरक्षक थर निघून जातो.

पांढरे डाग हे जड पाणी वाळल्यावर मागे राहिलेले क्षार आहेत. ताजे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून हलकेच टिपल्यास निघतात. नंतर ती जागा धुऊन घ्यावी. पुढे मात्र पाणी गाडीवर वाळू न देता लगेच टिपून घ्यावे. पक्ष्यांची विष्ठा रविवारपर्यंत ठेवू नये. ती आम्लयुक्त असते आणि उन्हात थर खाते.

दर दोन-तीन महिन्यांनी मेण लावावे. जुन्या रेषांसाठी पॉलिश करता येते, पण प्रत्येक पॉलिश तो पातळ थर आणखी झिजवते. त्यामुळे फडक्याची सवय पूर्ण सुटल्यावरच, आणि जाणकाराकडूनच, ते करून घ्यावे.