१६०० मीटर, ६:२५ आणि ‘उपजत दम’

भरतीच्या तयारीबद्दलची तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. अकॅडमीतल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात ‘तुझ्यात उपजत दम नाही’ म्हणून सांगितलं, तेव्हापासून तू रोज पहाटे १६०० मीटर जीव तोडून पळतोस, टायमिंग ६:२५ (६ मिनिटं २५ सेकंद) वर अडकलंय आणि नडगी आतल्या बाजूने दुखते. ही अक्षरशः माझीच गोष्ट आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी कोच नाही आणि डॉक्टरही नाही. स्वतःच्या पायांवर जे भोगलं, तेवढंच सांगतोय.

वॉर्मअप, आहार वगैरे तुला ठाऊक असणार, ते सोडतो. मुद्दा ‘रोज टायमिंग’चा आहे. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका अकॅडमीत पहिल्या दिवशी माझे ६:४० आले आणि मला मागच्या ओळीत टाकलं. मग रोज सकाळी पूर्ण ताकदीने १६०० मीटर, आणि सगळ्यांसमोर टायमिंगचा पुकारा. सहा आठवड्यांत ६:१२ झाले. पुढे ६:१५, मग ६:२०. नडगीचं सांगितलं तर ‘तेल लाव, पळता पळता जाईल’. एक दिवस दुखऱ्या पायावर लंगडी घालता येईना. एमआरआय काढला, हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर. ग्राउंडची, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख आली तेव्हा मी घरी पाय वर करून पडलो होतो. तारीख बदलून मिळावी म्हणून अर्ज केला, त्याला उत्तरसुद्धा आलं नाही. फीसाठी वडिलांनी उसने पैसे घेतले होते. पुढची भरती यायला दीड वर्ष गेलं. आजही हे लिहिताना हात थरथरतो.

असं का होतं, ते मला फार उशिरा कळलं. १६०० मीटर म्हणजे जवळपास मैलच, आणि मैलभराच्या शर्यतीत चार-पंचमांशाहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनच्या जोरावर येते. त्या ताकदीचा पाया सावकाश, बोलता बोलता पळण्याने तयार होतो. शिवाय दम सहा आठवड्यांत सुधारतो, पण हाड ताण आल्यावर आधी झिजतं आणि मग भरून निघतं. त्या मधल्या काळात तू रोज त्याच्यावर घाव घालतोयस.

नंतर एका जुन्या धावपटूने मला मार्गावर आणलं. आठवड्यातले चार दिवस हळू पळायचं, त्यातला एक दिवस लांब. एक दिवस ४०० मीटरचे तुकडे, मधे दोन मिनिटं विश्रांती. एक दिवस डोंगर चढायचा. एक दिवस काहीच नाही. टायमिंग तीन आठवड्यांतून एकदाच. माझे तुकडे ८६ सेकंदांपासून सुरू झाले. आपल्याला भरतीत हव्या असलेल्या ५:१० साठी ४०० मीटरचा प्रत्येक राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत लागतो, हा आकडा तळहातावर लिहून ठेव. दीड वर्षाने ग्राउंडवर माझे ५:०४ आले.

विश्रांती म्हणजे आळस वाटत असेल तर रॉजर बॅनिस्टरचं बघ, चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये त्याने ३:५९.४ मध्ये मैल धावला. त्याआधी त्याचे ४४० यार्डांचे तुकडे ६१ सेकंदांच्या खाली येईनात. तो सराव सोडून स्कॉटलंडला डोंगर चढायला गेला आणि परतल्यावर ५९ मध्ये पळाला.

आता उपजत गुणांचं. ते असतात, नाही म्हणणार नाही. कॅनडा-अमेरिकेतल्या हेरिटेज अभ्यासात घरंच्या घरं २० आठवडे एकाच पद्धतीने व्यायामाला लावली होती. कुणाची क्षमता भरपूर वाढली, कुणाची जवळपास काहीच नाही, आणि एकाच घरातल्या माणसांत साम्य दिसलं. चार मिनिटांच्या आत मैल धावायचा तर तसं शरीर घेऊनच जन्माला यावं लागतं. पण आपल्याला ५:१० हवेत, आणि माझ्या मते विशीतल्या बहुतेक निरोगी पोराच्या ते आवाक्यात आहेत. पहिल्या दिवशीच्या टायमिंगवरून हे ओळखणं कुणालाच जमत नाही. आमच्या बॅचमधला जो ‘नैसर्गिक’ पोरगा पहिल्याच दिवशी ५:३० ला आला, तो लहानपणापासून शेरडांमागे डोंगर हिंडलेला होता. त्याला कुणी सराव म्हटलं नाही, इतकंच. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज मैलोन्‌मैल तुडवायचा, नंतर सैन्यात गेला, आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीचं, रौप्य आणलं. त्यातलं जन्माचं किती आणि वाटेचं किती, हे कोण वेगळं काढणार?

जाता जाता, हिमोग्लोबिन तपासून घे. माझं कमी निघालं होतं आणि मी दम नाही म्हणून रडत होतो. मैदान टेपने मोज, मोबाइलच्या अंतरावर जाऊ नको.

आधी मात्र पळणं थांबव आणि हाडांच्या डॉक्टरांना नडगी दाखव. साध्या एक्स-रेत सुरुवातीला बऱ्याचदा काही दिसत नाही, माझ्याही दिसलं नव्हतं, तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल’ ऐकून लगेच मैदानावर जाऊ नको. बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येते की सगळ्या नडगीभर दुखतं, ते इथे लिही. आणि शेवटच्या ट्रायलचे चारही राउंड किती सेकंदांचे होते, तेही.