कॅरिबियन समुद्रातला ग्रेनाडा स्वतंत्र देश असूनही ब्रिटनचा राजा तिथला राष्ट्रप्रमुख कसा?
चार्ल्स तिसरे हे ग्रेनाडाचे राष्ट्रप्रमुख आहेत ते ब्रिटनचे राजे म्हणून नव्हे, तर ग्रेनाडाचे राजे म्हणून; १९७४ साली स्वातंत्र्याबरोबर आलेल्या राज्यघटनेतच ही तरतूद आहे. त्यांच्या वतीने गव्हर्नर जनरल काम पाहतात, तेही बहुतांशी पंतप्रधानांच्या सल्ल्यानुसार. मात्र हे पद निव्वळ शोभेचे मानणे घाईचे ठरेल. १९७९ मध्ये मॉरिस बिशप यांच्या डाव्या क्रांतिकारी सरकारने राज्यघटना स्थगित केली, पण तेव्हाच्या राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांचे राष्ट्रप्रमुखपद, गंमत म्हणजे, कायम ठेवले. पुढे १९८३ मध्ये बिशप यांची हत्या व त्यापाठोपाठ अमेरिकेचे आक्रमण झाल्यावर देशात सरकारच उरले नाही, तेव्हा गव्हर्नर जनरल पॉल स्कून यांनी नेमलेल्या सल्लागार मंडळाने १९८४ च्या निवडणुकीपर्यंत कारभार सांभाळला.