सिलिकॉन की सिलिकोन? आणि ‘सच्छिद्र’विषयी थोडं

प्रश्न असा आहे: ‘सच्छिद्र सिलिकॉनचे कण औषध पोचवून शरीरात विरघळतात’ असं वाचलं. पण सिलिकॉनचे इम्प्लांट तर वर्षानुवर्षं टिकतात. मग हा शब्द चुकला का? आणि ‘सछिद्र’ लिहिलं तर चालेल का?

शब्द बरोबर आहे, घोळ इम्प्लांटच्या बाजूला आहे. सिलिकॉन म्हणजे 14 अणुक्रमांकाचं मूलद्रव्य, ज्याच्या चिप बनतात. इम्प्लांट आणि कॅथेटरमधला रबरासारखा पदार्थ म्हणजे सिलिकोन. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची एकाआड एक साखळी आणि तिला जोडलेले कार्बनी गट, असं ते बहुवारिक (पॉलिमर). मराठीत दोन्हींना सर्रास ‘सिलिकॉन’ लिहितात. निदान वैद्यकीय मजकुरात तरी हा ‘ॉ’ आणि ‘ो’ चा फरक कसोशीनं पाळावा, कारण गुणधर्म अगदी उलटे आहेत.

‘सछिद्र’ मात्र नको. ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की मध्ये च् येतो: परिच्छेद, विच्छेद, तसंच सच्छिद्र.

ही छिद्रं मुद्दाम पाडलेली असतात. 1956 मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत आर्थर आणि इंगेबोर्ग उलिर सिलिकॉनला हायड्रोफ्लोरिक आम्लात विद्युतप्रवाहानं झिलई करत होते. गुळगुळीत पृष्ठभागाऐवजी काही वेळा रंगीत थर मिळाला. तो सच्छिद्र सिलिकॉनचा होता, हे पुढे कळलं. 1995 मध्ये ब्रिटिश संशोधक ली कॅनहॅम यांनी दाखवलं की शरीरद्रवासारख्या द्रावणात त्यावर हाडातल्या खनिजासारखा ॲपेटाइटचा थर जमतो. तिथून वैद्यकीय उपयोगांची वाट खुली झाली.

औषध छिद्रांत भरतात. पाण्याशी अभिक्रिया होऊन भिंती झिजतात, औषध सुटत जातं, आणि सिलिकॉनचं ऑर्थोसिलिसिक आम्ल होऊन ते लघवीवाटे बाहेर पडतं. पोकळ भाग जितका जास्त, तितकं झिजणं साधारणपणे लवकर, म्हणजे औषध किती दिवसांत सुटावं हे छिद्रं पाडतानाच बरंचसं ठरवता येतं. मला या पदार्थातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

म्हणून नुसतं ‘सच्छिद्र’ लिहून भागत नाही, छिद्राचा आकारही सांगावा. 2 नॅनोमीटरहून लहान ते सूक्ष्मछिद्र, 2 ते 50 मध्यमछिद्र, त्यापुढे स्थूलछिद्र. लेखात ‘जैवविघटनशील’ असं असेल तर तिथे मी ‘विद्राव्य’ सुचवेन. ‘जैवविघटन’ म्हटलं की जिवाणूंनी कुजवणं डोळ्यांपुढे येतं, आणि इथे काम पाण्याचं आहे.