मूळ प्रत कुणाच्या हातात?

या वेळी आलेल्या प्रश्नांत यंत्रांबद्दलचे आणि पुस्तकांबद्दलचे प्रश्न सारखेच निघाले. मी पस्तीस वर्षं मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, तपासली, पहिली सहा खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापणाऱ्या, छापखान्यात आणि उरलेली संगणकासमोर. उत्तरं त्याच अनुभवातून दिली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांनी २००३ साली आपल्या आठवणी लिहिल्या आणि ओळखीच्या एका मुलाकडून संगणकावर टाइप करून घेतल्या. त्याची सीडी आमच्याकडे आहे. वडील आता नाहीत. मागच्या आठवड्यात ती उघडली, तर सगळीकडे इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं दिसतात. मराठीचं एक अक्षर नाही. आठवणी गेल्या का?

उत्तर : नाही, गेलेल्या नाहीत. तुमची शेवटची ओळ वाचून मलाच धस्स झालं, म्हणून हे आधी सांगते. मजकूर शाबूत आहे, तो दाखवणारा फॉन्ट तेवढा तुमच्या संगणकावर नाही.

त्या काळातल्या बऱ्याच मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवलेले असत. घरं जेमतेम २५६. फाइलमध्ये साठवला जायचा नुसता आकडा. त्या आकड्याला 'क' दाखवायचा, अर्धा 'क्' दाखवायचा की नुसती वेलांटी, हे फॉन्ट ठरवायचा, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. खिळ्यांच्या छापखान्यात कुठला खिळा कुठल्या खणात आहे हे जुळाऱ्याच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या, बोटांना पाठ असे. त्याच जुळाऱ्याला दुसऱ्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या खणांसमोर उभं केलं की तो अडखळायचा. तुमच्या फाइलचं तेच झालंय. युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीने, १९९१मध्ये देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा पट्टा दिला आणि 'क'चा क्रमांक जगभर एकच झाला. पण ते रोजच्या वापरात मुरायला पुष्कळ वर्षं गेली. साध्या 'ॲ'ला स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली.

आता कामाला लागा. सगळ्यात आधी सीडीवरच्या फाइल संगणकावर उतरवून घ्या आणि पुढचे सगळे प्रयोग त्या नकलेवर करा. फाइल उघडून मजकुरावर क्लिक केलंत की फॉन्टचं नाव वरच्या पट्टीत दिसेल. तो फॉन्ट मिळवून संगणकावर बसवा, मराठी अक्षरं दिसू लागतील. ती दिसली की लगेच त्या रूपाची पीडीएफ करा आणि कागदावर छापूनही घ्या. मग त्याच फॉन्टसाठी बनवलेल्या परिवर्तकातून, म्हणजे जुनी अक्षरं बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, मजकूर युनिकोडमध्ये आणा.

परिवर्तकावर विसंबून मात्र राहू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलट. ही अदलाबदल करताना परिवर्तक ठेचकाळतो. त्यामुळे वेलांट्या, रफार, जोडाक्षरं आणि आकडे एकेक करून बघा. 'ऱ्य' तर डोळ्यांत तेल घालून बघा. 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना' झालं तर वाक्यातली माणसंच बदलतात, आणि दोन्ही शब्द खरे असल्यामुळे कुठलंही यंत्र तक्रार करत नाही. तपासायला दोघं बसा. एकाने छापील कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून पुढे सरकायचं. वडिलांचा मजकूर आहे, घरातल्यांनीच वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आणि ती सीडी आता एकमेव प्रत म्हणून ठेवू नका. ज्यांनी मला हे काम शिकवलं, त्यांच्या बोलण्याची एक ध्वनिफीत माझ्याकडे होती. मी ती सीडीवर उतरवली आणि फीत टाकून दिली. नऊ वर्षांनी सीडी उघडेना. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरात असते, आणि ऊन, उष्णता, ओल यांनी तो थर बिघडतो, हे मी नंतर शिकले. त्यांचा आवाज मला परत मिळाला नाही. पेनड्राइव्हही वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची वस्तू नव्हे, त्यातला विद्युतभार हळूहळू झिरपून जातो. तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. वर्षातून एकदा त्या उघडून बघा.

प्रश्न : फोनवर पुस्तकं वाचून डोळे दुखतात. ई-वाचनयंत्र घ्यावं का? आणि एकदा घेतलं की कागदी पुस्तकांची गरज संपते का?

उत्तर : डोळ्यांसाठी विचारत असाल तर घ्या. त्याच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येकीत काळे-पांढरे, विरुद्ध विद्युतभाराचे कण. विजेच्या झटक्याने काळे वर आले की अक्षर उमटतं आणि पान उलटेपर्यंत वीज न घेता तसंच राहतं. म्हणून बॅटरी कित्येक दिवस टिकते. अक्षर दिसतं ते पानावर पडून परतलेल्या उजेडात, कागदासारखं. रात्री लागतो तो दिवाही कडेने पानावर उजेड टाकतो. मी जाडजूड कादंबऱ्या आता त्यावरच वाचते, कारण झोपून वाचताना मनगट भरून येत नाही आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. एक मात्र आहे, फोनवर डोळे दुखण्याचं अर्धं कारण एकटक बघणं असतं, पापणी लवायची राहते. ती सवय नव्या यंत्राबरोबरही येईल.

कविता मात्र मी त्यावर वाचत नाही. अक्षर मोठं केलं की ओळ मोडते, आणि कवीने जिथे थांबायला सांगितलंय तिथे आपण थांबत नाही. तक्ते, नकाशे, तळटिपांची पुस्तकं यांचेही हाल होतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी जरा कडक देणार आहे. दुकानातून ई-पुस्तक 'विकत' घेता तेव्हा बहुतेक वेळा तुम्हाला मिळतो तो वाचण्याचा परवाना. जुलै २००९मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४'च्या काही प्रती लोकांच्या किंडलवरून, म्हणजे कंपनीच्याच ई-वाचनयंत्रावरून, परस्पर काढून घेतल्या, कारण त्या टाकणाऱ्या विक्रेत्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण अभ्यासासाठी त्या पुस्तकावर टिपा काढलेल्या एका विद्यार्थ्याच्या टिपा मूळ पानांविना निरुपयोगी झाल्या, आणि ते प्रकरण न्यायालयात गेलं. कागदी पुस्तक विकल्यावर दुकानदार रात्री येऊन तुमच्या फळीवरून ते उचलून नेत नाही. म्हणून जे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडणार, ज्याच्या समासात लिहिणार, ज्याच्यावाचून करमणार नाही, ते कागदावर घ्या. ई-पुस्तक घेताना नक्कल करण्यावर कुलूप नसलेली ईपब (ई-पुस्तकांचा एक खुला प्रकार) फाइल मिळत असेल तर ती निवडा. ती बहुतेक यंत्रांवर उघडते आणि तिची प्रत स्वतःकडे ठेवता येते.

प्रश्न : नव्या पुस्तकाच्या शेवटी सात-आठ कोरी पानं निघाली. प्रत सदोष आहे का?

उत्तर : नाही. मोठ्या कागदावर बहुधा आठ पानं एका बाजूला आणि आठ पाठीवर छापतात. तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा तयार होतो. मजकूर १५२ पानांत संपला तर दहा फर्म्यांची १६० पानं होतात आणि आठ कोरी राहतात. काही प्रकाशक तिथे आपल्या इतर पुस्तकांच्या जाहिराती टाकतात. मला कोरीच आवडतात. त्यांवर मी पुस्तकात सापडलेले शब्द पानांच्या क्रमांकांसह लिहिते.

प्रश्न : आईची नजर खूप कमी झाली आहे. धुलाई यंत्र बदललं, नव्याला एकही बटण नाही, सपाट काच आहे. जुनं यंत्र ती एकटी चालवायची, आता मला हाक मारते. हे तिला फार लागलं आहे.

उत्तर : लागणारच. तिचं रोजचं एक काम तिच्या हातून गेलं. सपाट काचेवर बोट टेकलं की काम सुरूच होतं, चाचपडायला वावच राहत नाही, आणि कमी दिसणारा माणूस तर चाचपडूनच शोधतो. संगणकाच्या कळफलकावर इंग्रजी एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, फोनच्या बटणांत पाचावर ठिपका असतो. बोटांना घर सापडावं म्हणून कुणीतरी विचार करून ते ठेवले. काचेने तो विचारच पुसून टाकला, आणि मला याचा मनापासून राग येतो.

उपाय आहे. चिकटवायचे उठावदार ठिपके मिळतात. चालू करण्याच्या जागेच्या किंचित खाली एक आणि नेहमीच्या धुण्याच्या जागेखाली दोन ठिपके लावा. नेमक्या जागेवर लावू नका, नाहीतर शोधतानाच यंत्र सुरू होईल. कुठे लावायचे ते आईला ठरवू द्या, तिचाच हात धरून. यंत्र प्रत्येक स्पर्शाला आवाज देत असेल तर तो बंद करू नका. आणि पुढचं कुठलंही उपकरण घेताना तिला दुकानात बरोबर न्या, डोळे मिटून चालवून बघायला सांगा.

प्रश्न : फोन रात्रभर चार्जिंगला ठेवला तर बॅटरी खराब होते का? माझ्या जुन्या फोनची पाठ फुगली आहे, तो वापरला तर चालेल का?

उत्तर : दुसरं आधी. तो फोन आत्ताच बंद करा, पुन्हा चार्जिंगला लावू नका, पाठ दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू साठलाय. टोचलं गेलं तर पेट घेऊ शकतो. तो जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका. रात्रभर चार्जिंगचं म्हणाल, तर भरलं की फोन स्वतःच थांबतो. लिथियम-आयन बॅटरीला मारतात त्या उष्णता आणि तासन्‌तास शंभर टक्क्यांवर राहणं. ऐंशीवर थांबवण्याची सोय आता पुष्कळ फोनमध्ये आहे, ती सुरू करा. उशीखाली ठेवून चार्ज करू नका.

प्रश्न : माझं पहिलं पुस्तक येतंय. प्रकाशक म्हणतात, आता सॉफ्टवेअर शुद्धलेखन तपासतं, वेगळं मुद्रितशोधन करत नाही. मान्य करावं का?

उत्तर : करू नका. माझं पोट या कामावर भरलं, तेव्हा माझं मत त्या बाजूला झुकणार हे तुम्ही धरून चाला. पण कारणं ऐका.

शुद्धलेखन तपासणारं साधं सॉफ्टवेअर प्रत्येक शब्द आपल्या यादीत आहे का, एवढंच बघतं. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा. 'मिलन' म्हणजे भेट, 'मीलन' म्हणजे मिटणं. सगळे शब्द यादीत आहेत, त्यामुळे चुकीच्या जागी आले तरी ते खुशाल जाऊ देतं. औषधांवरच्या एका पुस्तिकेत मूळचं ०.५ जुळणीत नुसतं ५ झालं होतं. वाक्य शुद्ध, आकडाही आकडाच. मूळ हस्तलिखित शेजारी धरून वाचत होते म्हणून तिसऱ्या मुद्रितात मला ते सापडलं. त्या रात्री झोप लागली नाही, पहिल्या दोन मुद्रितांत माझ्याच नजरेतून ते सुटलं होतं.

नवी भाषा-सॉफ्टवेअर्स अर्थही बघतात, हे खरं. त्यांच्याबद्दलची माझी काळजी वेगळी आहे. ती वाक्य गुळगुळीत करतात. तुमच्या गोष्टीतली आजी 'व्हतं' म्हणत असेल तर तिला 'होतं' म्हणायला लावतात. मुद्दाम तोडलेलं वाक्य जोडून देतात. मुद्रितशोधक समासात प्रश्नचिन्ह काढून तुम्हाला विचारतो आणि निर्णय तुमच्यावर सोडतो. सॉफ्टवेअर वापरायला माझी हरकत नाही. दोनदा पडलेला शब्द, एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, अशा गोष्टी ते माझ्यापेक्षा चांगल्या पकडतं. फोनला तुमचं प्रकरण वाचून दाखवायला सांगा आणि डोळे मिटून ऐका, अडखळणारी वाक्यं लगेच कळतील. फक्त एकही बदल तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय होता कामा नये.

तेव्हा करारात हे लिहून घ्या : माणसाकडून दोन मुद्रितं तपासली जातील, शेवटचं पानांच्या मांडणीसह तुम्हाला दाखवलं जाईल, आणि पुस्तक छापून झाल्यावर अंतिम पीडीएफ व युनिकोडमधला संपूर्ण मजकूर तुम्हाला मिळेल. वरच्या पत्रातली सीडी आठवा. वीस वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायची वेळ येईल तेव्हा प्रकाशकाचा संगणक कुठे असेल कुणास ठाऊक.

तुमचं स्वतःचं मुद्रित कागदावर वाचा, ओळीखाली पट्टी धरून, आणि एकदा शेवटच्या प्रकरणापासून पहिल्याकडे. आपला मजकूर पाठ असतो, डोळे पुढे पळतात, उलट्या क्रमाने ते पळू शकत नाहीत. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ यांचंही मुद्रित मागा. मलपृष्ठावरचा मजकूर शेवटच्या दिवशी घाईत लिहिला जातो आणि तो बहुधा कुणीच तपासत नाही.