बेटं, बोटी आणि आईंचे गुडघे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आमच्या घरच्यांची ग्रीस-इटली-पॅरिस वारी लिहिली होती, भांडणांसकट, आणि त्यावर इतकी पत्रं आलीत की संपादक म्हणाले आता तुम्हीच निस्तरा. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आम्ही दोघं, कॉलेजातला मुलगा, आठवीतली मुलगी आणि माझ्या सासूबाई एवढं लटांबर अथेन्स, नॅक्सोस, सॅन्टोरिनी, रोम, व्हेनिस करत पॅरिसला पोचलं. फोटोत सगळे हसतायत. दोन फोटोंच्या मधे काय चाललं होतं ते मी लिहिलं होतं आणि बहुतेक प्रश्न त्याबद्दलच आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, रागावू नका.

बारा दिवसांत अथेन्स, सॅन्टोरिनी, मायकोनोस, क्रीट, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पॅरिस बसवलंय. ह्यांनी एक्सेल शीट केलीय आणि सगळं फिट होतंय. जमेल ना?

एक्सेलमध्ये फिट होणारच हो ताई, एक्सेलला बॅगा कुठे उचलायच्या असतात. आठ ठिकाणं म्हणजे सात वेळा सामान बांधायचं, आणि हॉटेलवाले खोली सोडायला सांगतात सकाळी दहा-अकराला, पुढचा खोली देतो दुपारी दोन-तीनला, मधले तास तुम्ही बॅगा घेऊन कुठेतरी बाकावर, आणि बरोब्बर तेव्हाच कुणालातरी बाथरूमला जायचं असतं. शहर बदललं की अर्धा दिवस गेला असं धरा, बोट असेल तर अख्खा.

आणि बोटीचं वेगळंच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो. गंमत अशी की आकाश निळंशार असतं, ऊन कडक, एक ढग नाही, आणि तरी बोटी बंद. आपल्याला वाटतं पाऊस-वादळ असेल तरच बंद ठेवतात. तसं नाही, वारा बोफोर्ट स्केलवर (वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी) 8 च्या आसपास गेला की तिथलं कोस्टगार्ड बोटी बंदरातच थांबवून ठेवतं, त्यात वेगवान कॅटॅमरान (जोड-बुडाच्या बोटी) आधी अडकतात आणि मोठ्या संथ फेरीबोटी जरा उशिरापर्यंत चालतात. पिरेयसहून (अथेन्सचं बंदर) सॅन्टोरिनीला कॅटॅमरान साधारण पाच तासांत नेते, मोठी फेरीबोट आठेक तास घेते, पण तिच्यात उठून फिरता येतं, डेकवर बसता येतं आणि ज्यांना बोट लागते त्यांचे हाल कमी होतात. आमच्याकडे मुलीला बोट लागते. त्यामुळे आठ तास, पुढचं बोलायलाच नको.

म्हणून नियम एकच, बेटावरून निघालात त्याच दिवशीचं विमान घ्यायचं नाही. मधे एक रात्र अथेन्समध्ये काढा. बोट रद्द झाली किंवा निघायलाच दीड तासापेक्षा जास्त उशीर होणार असेल तर युरोपियन नियमांप्रमाणे पैसे परत किंवा दुसऱ्या बोटीने जागा, दोन्हीतलं एक तुम्ही मागू शकता. पण कारण हवामान असेल तर त्या रात्रीचं हॉटेल तुमच्याच खिशातून. आम्ही ज्या कंपनीच्या काउंटरवर उभे होतो तिथला माणूस पैसे परतीचं आपणहून काही बोलत नव्हता, शेवटी सासूबाईंनी मराठीतून झापलं. भाषा कळली नसेल पण फॉर्म मिळाला.

उतरणं हाही एक प्रकार आहे, तो कुणी सांगत नाही. सॅन्टोरिनी यायच्या आधी अनाउन्समेंट होते आणि सगळे खाली गाड्यांच्या डेकवर जमतात. तिथे भिंतीला लागून बॅगा ठेवायचे रॅक, वर बेटांच्या नावाच्या पाट्या, आपली बॅग तीन लोकांच्या बॅगांखाली. डिझेलचा वास, ट्रक सुरू झालेले, अंधार, आणि बोट पुरती थांबायच्या आत मागचा भलामोठा लोखंडी दरवाजा खाली यायला लागतो, एकदम ऊन आत येतं आणि शिट्ट्या, चला चला चला. पाच-दहा मिनिटांत उतरणारे उतरले, चढणारे चढले, बोट गेली. म्हाताऱ्या माणसाला कोण धरणार, कुठली बॅग कोणाची, हे वर खुर्चीत बसल्या बसल्याच ठरवून घ्या.

आता तुमची यादी. क्रीट काढा, ते बेट पूर्व-पश्चिम 260 किलोमीटर लांब आहे, त्यालाच आठवडा हवा. मायकोनोस काढा. फ्लॉरेन्स काढताना जीवावर येईल पण काढा. अथेन्स, एक बेट, रोम, आणि व्हेनिस किंवा पॅरिस. जाताना अथेन्सला उतरून परतीचं विमान शेवटच्या शहरातून घ्या, उगाच उलटं यायला नको. ह्यांना सांगा शीट छान झालीय.

तुम्ही सॅन्टोरिनीला नावं ठेवलीत. आम्ही हनिमूनला गेलो होतो, स्वर्ग आहे.

हनिमूनला स्वर्गच आहे, दोघंच होतात ना. मी पाच जणांचं बोलतेय. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटून बेटाचा मधला भाग समुद्रात गेला, आज जो कडा आणि खाली निळं पाणी दिसतं ते त्या खड्ड्याचं तोंड, आणि ते बघताना खरंच बोलणं बंद होतं. पण ती सगळी पांढरी घरं त्या कड्याला चिकटलेली, म्हणजे पायऱ्या. ‘केव्ह रूम’ म्हणून (कड्यातली गुहेसारखी खोली) जे मिळतं तिथे जायला पन्नास-शंभर पायऱ्या उतरायच्या आणि संध्याकाळी जेवायला तेवढ्याच चढायच्या. ओइया ह्या तिथल्या गावातला सूर्यास्त बघायला लोक तास-दीड तास आधी जागा धरतात, आम्हाला सूर्य कमी आणि मोबाइल जास्त दिसले. मुलगा म्हणाला लोकलमध्ये सूर्यास्त बघतोय असं वाटतंय. त्याऐवजी अक्रोतिरीला जा, राखेखाली दबलेलं कांस्ययुगातलं गाव, वर छप्पर आहे, सावली आहे, आणि मुलं चक्क गप्प बसून बघतात.

मुलं लहान असतील तर मी नॅक्सोसच सुचवीन. बंदर गावातच, धक्क्यालगत रस्ता सपाट, आगिओस जॉर्जिओसची चौपाटी चालत जाण्यासारखी आणि पाणी बरंच आतपर्यंत उथळ. बंदराशेजारच्या टेकाडावर अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची एकटी संगमरवरी चौकट उभी आहे, पोर्तारा म्हणतात, तिकीट नाही काही नाही. सूर्यास्त तिथूनही होतो.

आईंचे (सासूबाई, वय 71) गुडघे दुखतात. त्यांना न्यायचंय पण जाऊबाई म्हणतात व्हेनिसमध्ये त्यांचे हाल होतील.

जाऊबाईंना न्यायचं नसेल. गंमत केली, पण न्या, फक्त बुकिंग गुडघ्यांना विचारून करा.

व्हेनिस शंभरावर बेटांचं आणि चारशेच्या आसपास पुलांचं गाव आहे, आणि बहुतेक पुलांना दोन्हीकडे पायऱ्या. चाकाच्या बॅगेला तिथे काही अर्थ नाही. म्हणून हॉटेल बघताना नकाशावर एकच गोष्ट बघायची, वापोरेत्तोचा (ही तिथली पाण्यातली बस) थांबा ते हॉटेलचं दार यात पूल किती. शून्य असेल तेच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी. वापोरेत्तोचं तिकीट 75 मिनिटांना 9.50 युरो, एक दिवसाचा पास 25 युरो, आईंना पासच काढा आणि 1 नंबरची लाइन धरा, ती ग्रँड कॅनॉलमधून थांबत थांबत जाते, बसल्या जागी अर्धं व्हेनिस बघून होतं. आमच्या आईंनी ती फेरी तीनदा करायला लावली आणि दरवेळी पुढची उघडी सीट हवी.

हॉटेलला ‘लिफ्ट आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. जुन्या इमारतीत लिफ्ट असते पण लिफ्टपर्यंत अर्धा जिना असतो. ‘रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती’ असं लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. अथेन्सला अ‍ॅक्रोपोलिसवर (जुन्या देवळांची टेकडी) चालायला त्रास असणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, आधी चौकशी करून जा, कारण वरचा संगमरवर पाय पडून पडून इतका गुळगुळीत झालाय की धडधाकट माणूसही घसरतो. पॅरिसमध्ये मेट्रो विसरा, थोडी स्टेशनं सोडली तर लिफ्ट नाहीत, नुसते जिने आणि बोगदे. बस घ्या. बस चढायला सोपी आणि शहर दिसतं. लूव्र म्युझियममध्ये व्हीलचेअर फुकट मिळते, आई ‘मी काय म्हातारी आहे का’ म्हणतील, एक तास जाऊ दे, स्वतःच बसतील.

रोमच्या दगडी फरशांवर मात्र इलाज नाही. बूट चांगले हवेत, बस्स.

व्हेनिसला आता शिरायलाच पैसे लागतात म्हणे?

2024 पासून, पण रोज नाही. वसंतापासून जुलैपर्यंतचे ठरावीक दिवस, जास्त करून शुक्रवार ते रविवार, आणि तेही दिवसाढवळ्या येऊन परत जाणाऱ्यांना. आधी काढलं तर 5 युरो, ऐनवेळी 10. चौदा वर्षांखालच्यांना नाही. रात्री राहणाऱ्यांनाही नाही, त्यांच्याकडून हॉटेल वेगळा कर घेतंच, पण त्यांना माफीचा कोड ऑनलाइन काढून मोबाइलमध्ये ठेवावा लागतो. हे विसरू नका.

पूर्ण शाकाहारी आहोत, अंडंही नाही. उपाशी राहू का?

ग्रीसमध्ये मुळीच नाही, तिथे चर्चच्या उपासांची मोठी परंपरा आहे त्यामुळे मांस, अंडी, दूध नसलेले पदार्थ घरोघरी आहेत. यिगांतेस म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे, ब्रियाम म्हणजे ओव्हनमधल्या भाज्या, आणि सॅन्टोरिनीचा फावा, जो म्हणजे सरळ सरळ घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह ऑइल. आमच्या आईंनी त्यावर लिंबू पिळून पाव लावून खाल्लं आणि म्हणाल्या ह्यांना फोडणी तेवढी शिकवायला हवी.

इटलीत जरा जपून. पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायचं विरजण) असतंच, नियमच आहे तो, आणि ते पास्त्यावर न विचारता भुरभुरतात. मिनेस्ट्रोने सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, विचारा. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसतील, ती फसवणूक नाही, टेबलावर बसण्याचे पैसे. पाणी बाटलीचं देतात आणि लावतात. पॅरिसमध्ये ‘कराफ दो’ मागा, नळाचं पाणी फुकट देणं रेस्टॉरंटला बंधनकारक आहे. रोममध्ये तर रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, नाझोनी, थंडगार पिण्याचं पाणी, खालची तोटी बोटाने दाबली की वरच्या भोकातून कारंजं उडतं आणि ओणवं न होता पिता येतं. मुलीने ते एकदा बघितलं आणि मग येईल त्या नळावर थांबून बापाला भिजवलं. सॅन्टोरिनीत मात्र नळाचं पाणी पिऊ नका.

ग्रीसला 5 रात्री, इटली 4, फ्रान्स 3. व्हिसा कुठल्या देशाचा?

ग्रीसचा, जिथे जास्त मुक्काम तिथे अर्ज. मुक्काम सारखे असतील तर जिथे आधी उतरता तो देश. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, किमान 15 दिवस आधी द्यावा लागतो, पण मे महिन्यासाठी अपॉइंटमेंट मिळतानाच घाम फुटतो, लवकर करा. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, सहाखालच्यांना माफ. विमा 30,000 युरोंच्या कव्हरचा हवा.

खिसेकापूंचं खरंच एवढं आहे का?

आहे. पॅरिसची मेट्रो लाइन 1, रोमची 64 नंबर बस, दार बंद होता होता धक्का. पॅरिसच्या साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांशी मनगटात दोरा बांधायला येतात, हात खिशात ठेवून चालत राहा. सहीसाठी कागद पुढे करणारी मुलगी दिसली की तुमच्या पर्सकडे दुसरी बघत असते. आमच्या ह्यांनी पैशांचा पट्टा शर्टाच्या आत बांधला होता आणि दर कॉफीला सगळ्यांसमोर शर्ट वर करून पैसे काढायचे, तेव्हा पट्ट्याचा उपयोग काय ते तुम्हीच ठरवा. दिवसाचे पैसे वेगळे वरच्या खिशात ठेवा. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसात तक्रार, मग भारतीय दूतावास. कुठलीही इमर्जन्सी असली तर सगळीकडे 112.

मुलगा (16) म्हणतो म्युझियम बोअर, मी हॉटेलवरच बसतो. काय करावं?

बसू दे एक दुपार. आमचाही बसला, वायफाय बंद पडल्यावर आपणहून आला. बाकी अठरा वर्षांखाली लूव्र, ओर्से (हेही पॅरिसचं म्युझियम), व्हर्सायचा राजवाडा आणि रोमचं कोलोसियम ह्या सगळ्यांत प्रवेश फुकट आहे, आपल्या पासपोर्टवरही, फक्त स्लॉट आधी बुक करायचा. म्हणजे तो अर्ध्या तासात बाहेर पडला तरी पैसे बुडाले म्हणून तुम्ही चिडणार नाही, आणि निम्मी भांडणं तिथेच संपतात. लूव्र मंगळवारी बंद असतं, ओर्से सोमवारी.

साजूक तूप नेता येतं का?

नाही. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे, तूप त्यातच आलं, पनीर-खवाही. लोणचं न्या, पण मोठ्या बॅगेत, आणि झाकणाला टेप लावून, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत.